सगळ्यांच्या ताटातला फराळ

(अजमान येथे भाविक कुटुंबांच्या दिवाळीपूर्व स्नेहभेटीत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकजण मुलाबाळांकडे आखातात जाऊन-येऊन असतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून येथे देत आहोत.)



दिवाळी तोंडावर आली आहे. आपल्या गावी एव्हाना गल्लीगल्लीतून भाजणीचा वास येऊ लागला असेल. इथे अजमानमध्ये दिवाळीची सार्वजनिक सुट्टी नसते. शुक्रवारची दुपार आणि शनिवार-रविवार एवढाच काय तो मोकळा वेळ. त्यामुळे पुष्कळ घरांत फराळाचे डबे विकतच येतात. विकत आणणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. दोघेही नोकरी करणाऱ्यांनी रात्री अकराला चकल्या पाडत बसावे, असे कोणी म्हणू नये. मात्र थोडा तरी फराळ घरी व्हावा, असे मला मनापासून वाटते. त्याचे कारण आधी सांगते आणि मग कृती सांगते.

फराळाचे ताट देवापुढे ठेवून आपण सगळ्यांना वाढतो. त्या वेळी घरात एकजण तरी असा असतो की ज्याच्यापुढून ताट हळूच सरकवले जाते. आजोबांना मधुमेह, आजींना रक्तदाब, कोणाची कवळी, तर कोणाचे मूत्रपिंड नाजूक. “बाबा, तुम्ही नका घेऊ,” असे आपण प्रेमानेच म्हणतो. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे सगळ्या घराला फराळ पुरवला, त्याने सणाच्या दिवशी नुसते बघत बसायचे, हे काही बरे नाही. मग तो माणूस दुपारी सगळे झोपले की डबा उघडतो आणि एकाच्या जागी तीन लाडू खातो. हे घरोघरी चालते. तुम्ही हसता आहात, म्हणजे तुमच्याही घरी चालते!

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा एका घराचा प्रश्न उरलेला नाही. विकतच्या लाडवात साखर किती आणि तूप कोणते, हे आपल्याला कळत नाही. घरच्या लाडवात ते आपल्या हातात असते. फराळ घरी करण्याचे पहिले कारण हेच.

आता साखरेचा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वरून घातलेली साखर, गूळ, मध असे सगळे धरून मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला साधारण 50 ग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये. 25 ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. 25 ग्रॅम म्हणजे सहा लहान चमचे. मधुमेह असलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांनाच विचारावी. ती याहून कमी असू शकते.

आपल्या पिढीने स्वयंपाक वाटी-चमच्याच्या मापाने केला. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये आले. त्यातली घरगुती मापे इतकी सोयीची, की परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींच्या बॅगेत ते पुस्तक असायचे. पण प्रत्येकीची वाटी वेगळी. साखर मोजायची असेल, तर शंभर-दोनशे दिरहमचे नव्हे, अगदी साधे वजन करणारे छोटे यंत्र घरात असावे. आज मी मापे ग्रॅममध्ये सांगते ती त्यासाठीच.

पहिला बेसनाचा लाडू. नेहमीच्या पद्धतीने 250 ग्रॅम बेसन, 125 ग्रॅम तूप आणि 200 ग्रॅम पिठीसाखर घेतली आणि सोळा लाडू वळले, तर एका लाडवात साडेबारा ग्रॅम साखर येते. दोन लाडू खाल्ले की पंचवीस ग्रॅम झाली. आता बेसन आणि तूप तेवढेच ठेवा, पिठीसाखर 100 ग्रॅम घ्या, आणि लाडू सोळाच्या जागी चोवीस वळा. एका लाडवात चार ग्रॅमच्या आसपास साखर उरते. बेसन मात्र मंद आचेवर निवांत भाजा, पंचवीस-तीस मिनिटे. तूप सुटून रंग बदामी झाला आणि खमंग वास घरभर पसरला की उतरवा. मिश्रण कोमट झाल्यावरच साखर घाला, नाहीतर ते पातळ होते. वेलची थोडी जास्त घाला. नीट भाजलेल्या बेसनाला स्वतःचीच एक गोडी असते. साखर कमी झाली हे मुलांच्या लक्षातही येत नाही.

दुसरा खजुराचा लाडू. खजुराच्या देशात राहून तो केला नाही, तर काय उपयोग! 250 ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर, 100 ग्रॅम भाजलेले तीळ, 100 ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट, 25 ग्रॅम भाजलेले सुके खोबरे, चमचाभर तूप, सुंठ आणि वेलची. खजूर तुपावर दोन-तीन मिनिटे परतून मऊ करायचा, बाकीचे त्यात मळायचे आणि चोवीस छोटे लाडू वळायचे. पाक नाही, तळण नाही. सहा वर्षांचे मूलसुद्धा वळू शकते.

पण इथे एक गोष्ट नीट ऐका, विशेषतः ज्येष्ठांनी. “हा साखर न घातलेला लाडू आहे, बाबांना कितीही चालेल,” असे आपण म्हणतो. ते खरे नाही. खजुराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरच असतो. वरच्या मापाने एका खजुराच्या लाडवात जवळजवळ सात ग्रॅम साखर येते, म्हणजे आपल्या कमी साखरेच्या बेसन लाडवापेक्षा जास्त. खजुरात चोथा आहे, क्षार आहेत, तिळात कॅल्शियम आहे, म्हणून तो पौष्टिक खराच. पण मधुमेहाच्या माणसासाठी एक म्हणजे एकच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना खजुरातले पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. गुळाचेही तसेच. गूळ चवीला छान, आपल्या परंपरेतला, पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे. गुळाची पोळी मधुमेहाला चालते, हा समज सोडून द्या.

तिसरा पदार्थ भाजक्या पोह्यांचा चिवडा. जवळपास सगळ्यांनाच चालणारा. इथल्या बऱ्याच घरांत शेगडीखाली ओव्हन असतो आणि त्यात भांडी ठेवलेली असतात. ती बाहेर काढा! अर्धा किलो पातळ पोहे दोन-तीन वेळा करून ट्रेमध्ये पसरा आणि 150 अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवा. मध्ये एकदा हलवा. बोटांत चुरडले की चुरा व्हायला हवा. फोडणीला चार मोठे चमचे तेल पुरते. त्यात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची, वाटीभर शेंगदाणे, वाटीभर डाळे, थोडे खोबऱ्याचे काप. मीठ दीड लहान चमचा, त्यापेक्षा जास्त नको. आंबटपणासाठी थोडे आमचूर घातले की मीठ कमी असल्याचे जाणवत नाही. आपण समुद्राकाठी राहतो. खिडकी उघडी राहिली, तर तासाभरात चिवडा सादळतो. तेव्हा पूर्ण गार झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दातांचा त्रास असलेल्यांच्या वाटणीतले शेंगदाणे आणि खोबरे आधीच भरड करून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. मुलांच्या शाळेच्या डब्यात काही द्यायचे असेल, तर आधी शाळेला विचारा. इथल्या अनेक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा न्यायला मनाई असते.

चकली आणि करंजी तळावीच लागते. ओव्हनमधली करंजी कडक होते आणि एअर फ्रायरमधली चकली चकलीसारखी लागत नाही, हे खरे सांगून टाकते. तेव्हा तळायचेच, पण मोजके. भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी धणे आणि पाव वाटी जिरे, असे सगळे वेगवेगळे भाजून दळायचे. मोहन जास्त झाले, तर चकली तेलात विरघळते. कमी झाले, तर दगड होते. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तूपही टाळा. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा घातली, ती हृदयविकाराच्या धोक्यामुळेच. आणखी एक, कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर पाणी अजिबात ओतायचे नाही. गॅस बंद करायचा आणि वर घट्ट झाकण ठेवायचे. हे घरातल्या प्रत्येकाला, मदतनीस मुलीलासुद्धा, आधीच सांगून ठेवा.

आता अतिशय महत्त्वाचे. गावाहून येणाऱ्या आई-बाबांना आज रात्रीच फोन करून सांगा की, खसखस आणायची नाही! संयुक्त अरब अमिरातीत खसखस कायद्याने बंद आहे. अफूच्या बोंडातले बी म्हणून ती अमली पदार्थांच्या नियमात येते. आपण अनारशावर खसखस लावतो, करंजीच्या सारणात घालतो, काही घरच्या मसाल्यांतही ती असते. विमानतळावर “मला ठाऊक नव्हते” हे उत्तर चालत नाही. म्हणून मसाल्याची पुडी भरण्यापूर्वी त्यात काय काय आहे ते पाहा. विड्याची पानेही आणू नका. अनारशाला तीळ लावा. करंजीत भाजलेल्या तिळाचे कूट घाला. सारण उलट अधिक खमंग होते. आणि औषधांचेही तसेच. काही वेदनाशामक, झोपेची आणि मनोविकारावरची औषधे इथे आणण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते. ज्येष्ठांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची मूळ पाकिटे जवळ ठेवावीत आणि निघण्यापूर्वी चौकशी करावी.

खसखस मिळत नाही म्हणून हळहळू नका. या भूमीने दुसरे पुष्कळ दिले आहे. गावी गव्हाच्या खिरीसाठी आपण खपली गहू सडून घेतो. इथे हरीस नावाचा पदार्थ करतात. त्यासाठीचे सोललेले गहू कोणत्याही मोठ्या दुकानात पाकिटात मिळतात. हरीस करण्याची परंपरा 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. त्याच गव्हाची आपली खीर उत्तम होते. 200 ग्रॅम गहू रात्रभर भिजवा, कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा तास शिजवा, थोडे घोटा, 100 ग्रॅम गूळ, पातळ नारळाचे दूध, सुंठ आणि वेलची घाला. आठ वाट्या होतात. एका वाटीत गुळाची अकरा-बारा ग्रॅम साखर जाते. तेव्हा ज्याला साखर मोजून खायची आहे, त्याला अर्धी वाटी. ज्यांना चावता येत नाही, त्यांना ही खीर फार सोयीची. तसेच ‘जरीश’ म्हणून जो भरडलेला गहू मिळतो, तो आपल्या लापशीला चालतो, आणि ‘समीद’ लिहिलेले पाकीट म्हणजे आपला रवा. तिळाची ताहिनी वड्यांत वापरता येते.

हे आपले-त्यांचे साम्य आजचे नाही. इथला खजूर गलबतांतून मुंबईला जायचा, तिकडून तांदूळ, कापड आणि मसाले यायचे. 1966 पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत असे. शेजारच्या अरब घरातून रमजानमध्ये खजुराच्या पाकातले लुगैमात येतात, तेव्हा नातवंडांना ते गुलगुल्यांचे भाऊ वाटतात. दिवाळीत त्या घरी आपला फराळ जायला हवा. आलेली थाळी आपण रिकामी परत करत नाही, ही आपली रीत इथेही पाळली जावी.

आणि आता फराळाच्या दुसऱ्या कारणाकडे येते. अजमानमध्ये आपल्यासारखी कुटुंबे आहेत, तसेच घरापासून दूर, कंपनीच्या खोलीत सहा-सहाजण मिळून राहणारे कामगारही आहेत. आपल्या इमारतीचा नातूर, खालच्या ग्रोसरीतून पिशवी वर आणून देणारा मुलगा, भर उन्हात मोटारसायकलवरून जेवण पोचवणारा तरुण. यांत आपल्या सांगली-सोलापूरचे, कोकणातले, बिहारचे, तेलंगणाचे, नेपाळचे आणि बांगलादेशचेही आहेत. दिवाळीच्या सकाळी ज्यांना आईच्या हातचे आठवते, पण जिथे कढई ठेवायला जागा नाही, अशी ही माणसे.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. यंदा प्रत्येक घराने फराळाचा एक डबा जास्त भरावा. आपल्या ओळखीच्या एका माणसाला तो स्वतः नेऊन द्यावा आणि त्याचे नाव, गाव विचारावे. उरलेसुरले नको, देवापुढे ठेवला त्यातलाच द्यावा. डब्यावर शेंगदाणे, तीळ, तूप जे काय घातले असेल ते लिहावे. कामगारांच्या वसाहतीत द्यायचे असेल, तर तिथल्या व्यवस्थापकाची आधी परवानगी घ्यावी.

मात्र या देशाचा कायदा पाळूनच. परवाना नसताना वर्गणी किंवा देणगी गोळा करणे इथे गुन्हा आहे. त्याविषयी 2021 चा संघीय कायदा आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर “प्रत्येकी पन्नास दिरहम पाठवा” असे कोणी लिहू नये, हेतू कितीही चांगला असला तरी. पैशाने मदत करायची इच्छा असेल, तर ती इथल्या परवानाधारक धर्मादाय संस्थांमार्फतच करावी. 2017 मध्ये सुरू झालेली यूएई फूड बँक शिल्लक अन्न गरजूंपर्यंत पोचवण्याचे काम करते. आपल्या घरचा डबा आपल्या शेजाऱ्याला देणे ही वेगळी गोष्ट, ती आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत.

शेवटी, हे सगळे करायचे कधी आणि कोणी? दोन शनिवार पुरतात. पहिल्या शनिवारी भाजणी आणि चिवडा, दुसऱ्या शनिवारी लाडू आणि थोडे तळण. एकटीने करू नका. आजींना खुर्चीवर बसवून लाडू वळायला द्या. त्यांच्या हाताला माप ठाऊक आहे. आजोबांनी वजन करून वहीत लिहावे, मुलांनी डब्यांवर नावे लिहावीत, मुलग्यांनी आणि जावयांनी बेसन भाजावे. अर्धा तास उलथणे फिरवायला ताकद लागते, ती त्यांच्याकडेच आहे! ज्येष्ठांना माझी खास विनंती आहे. तुमच्या मापाची, तुमच्या हातची कृती नातवंडांना सांगून लिहून घ्या. आणि फराळ आहे म्हणून गोळ्या चुकवू नका, जेवणानंतर एखादाच लाडू घ्या, संध्याकाळी समुद्रावर एक फेरी मारा.

आपल्या ताटात मोजके असावे, पण ताटाशिवाय कोणी राहू नये, एवढे यंदा सांभाळूया. आपण अन्नाला ब्रह्म मानतो. त्या ब्रह्मात घरातले आजारी माणूसही आले आणि दारातला नातूरही आला. आपणा सर्वांना दिवाळी सुखाची, आरोग्याची जावो. शुभं भवतु.

॥ विनम्र आवाहन ॥
गावी एकटे राहणाऱ्या वृद्धांसाठी न्यासातर्फे दिवाळीचा शिधा आणि औषधांसाठी साहाय्य दिले जाते. ज्यांना यात सहभागी व्हावयाचे आहे, त्यांनी न्यासाच्या कार्यालयात समक्ष येऊन रोख, धनादेश किंवा धान्य रूपाने मदत द्यावी व रीतसर पावती घ्यावी. तांदूळ, हरभरा डाळ, रवा, गूळ आणि शेंगदाणे स्वीकारले जातील. आखातातील भाविकांनी तेथे न्यासाच्या नावाने कोणतीही वर्गणी जमा करू नये. गावी येतील तेव्हाच द्यावी. आपल्या परिसरात एखादे एकटे वृद्ध असतील, तर त्यांची माहिती कार्यालयास अवश्य कळवावी. त्यांच्या दारी फराळ पोचविण्याची जबाबदारी न्यासाची.